सूपभर कोंड्याची पोर

बजाबाईच्या तोंडून तिच्या पोरीचं कौतुक कोणी ऐकलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. तिच्या भिंतीला भिंत लावून मी दहा-अकरा वर्षं राहिलो, मला काही ते ऐकायला मिळालं नाही. ‘मेली’, ‘दगड’, ‘उकिरड्यावरची’ ही पोरीची रोजची नावं. चाळीत नवी आलेली एखादी बाई सहज बोलून गेली, की पोर गोड आहे, तर बजाबाई तिथंच थुंकायची आणि त्या बाईशी महिनाभर बोलायची नाही. आधी मला तिचा राग यायचा. पुढं कारण कळलं तेव्हा राग गेला, पण तिच्या मनातली धास्ती माझ्याही अंगात शिरली.

बजाबाई जेऊरकडची. नवरा ज्ञानबा होटगीला रेल्वेच्या गँगवर होता. तो रविवारी यायचा, अंघोळ करून झोपायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीनं जायचा. ती स्वतः मिलच्या रीळखात्यात सूत गुंडाळायला होती, आणि मी त्याच मिलचा टाइमकीपर. भोंगा झाल्यावर आलेल्याला आत सोडायचं की परत पाठवायचं हे माझ्या हातात असल्यामुळं चाळीत माझा थोडा दरारा होता. मला तो आवडायचा, उगाच खोटं कशाला बोलू?

तिची तीन मुलं गेली होती. थोरला प्लेगात गेला, गावाबाहेरच्या झोपडीत. पाठची दोघं मानमोडीच्या तापाच्या साथीत एकाच आठवड्यात गेली. बावीस साली चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिनं कोणाला सांगितलंसुद्धा नाही. पोरगी झाली. सुईणीनं बजाबाईच्या सांगण्यावरून ती फाटक्या चिरगुटात गुंडाळून चाळीमागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवली. मग माझी बायको अंबुबाई सूपभर ज्वारीचा कोंडा घेऊन गेली, तो बजाबाईच्या पुढ्यात ओतला आणि त्या मोलानं पोर विकत घेऊन पदरात उचलून आणली. नाव ठेवलं धोंडी. मरण पुन्हा बजाबाईचं मूल शोधत आलं तर तिला मूलच नाही, आहे ती अंबुबाईची, कोंड्याच्या किमतीची आणि दगडाच्या नावाची. मरणाला दारातून फसवून परत पाठवायचं, एवढाच त्यातला मतलब होता. बारावं वर्ष पुरं होईपर्यंत हा सौदा मोडायचा नाही, असं बजाबाईच्या माहेरची रीत सांगते.

त्यामुळं झालं असं, की धोंडी जेवायची बजाबाईकडं, झोपायची तिच्या कुशीत, पण आई म्हणायची अंबुबाईला. बजाबाई तिची बजाक्का. ‘आई’ अशी हाक आली की अंबुबाईनंच ओ द्यायची, बजाबाईनं समोर असूनही तोंड मिटून बसायचं. आम्हांला मूलबाळ नव्हतं. त्या हाकेची माझ्या बायकोला सवय लागली, आणि मलाही लागली.

आता पोर निघाली कशी, तर नावाच्या अगदी उलट. एका जागी बसलेली ती मी पाहिली नाही. व्हरांड्याच्या कठड्यावरून चालायची, पलीकडच्या पद्मसाळी विणकरांच्या मागावर जाऊन तेलुगू गाणी उचलून आणायची, मी हजेरीच्या वहीवर मान वाकडी करून कसा बसतो याची नक्कल माझ्यासमोरच करायची. तिच्या हसण्यानं दुपारची झोप मोडली म्हणून चाळीतली म्हातारी माणसं ओरडायची आणि ती चार दिवस परगावी गेली की तीच म्हातारी माणसं विचारायची, पोर कुठं दिसत नाही. बजाबाई हे सगळं बघायची आणि जास्तच कातावायची.

एवढं जपूनही कोणाच्या तोंडून कौतुक निसटायचंच. त्यावर बजाबाईचा उपाय ठरलेला होता. डोळ्यांचं कौतुक झालं तर मीठ उतरवायचं, केसांचं झालं तर सुक्या मिरच्या, तोंडावळ्याचं झालं तर मीठ-मिरच्या दोन्ही. पोर पोटभर जेवते असं कोणी म्हटलं तर भाकरीचा तुकडा, भरभर चालते म्हटलं तर चौरस्त्यावरची माती. ज्याचं कौतुक, त्याचंच उतरवायचं. एकाचं दुसऱ्याला चालायचं नाही. म्हणून कोणी काही बोललं की ती आधी खोदून विचारायची, नेमकं काय म्हणालात ते पुन्हा एकदा सांगा.

तेहतीस सालच्या फाल्गुनात मुलींच्या शाळेच्या तपासणीला एक मडम आली. मुलींना तिनं काहीबाही करून दाखवायला सांगितलं. बाकीच्यांनी कविता म्हटल्या. धोंडीनं मिल करून दाखवली. भोंगा, जॉबर मुकादमाची शिवी, टाइमकीपरची मान, सूत तुटल्यावरची बायकांची धावपळ, आणि शेवटी छत्री काखेत मारून वर्गात शिरणारी मडमसुद्धा. मडमेला इतकं हसू आलं म्हणे, की तिनं चष्मा काढून डोळे पुसले. जाताना पिशवीतून एक रंगीत चित्राचं कार्ड काढलं, त्याच्या पाठीवर इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि धोंडीला दिलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, तुझं मोठं कौतुक लिहिलंय हं. एवढं म्हणून त्या दुसऱ्याच दिवशी रजेवर आपल्या गावी गेल्या.

बजाबाई कार्ड घेऊन माझ्याकडं आली ती हात साडीला पुसत पुसत. सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागल्यापासून आमच्या चाळीत इंग्रजी अक्षर म्हणजे भिंतीवर डकवलेली नोटीस, एवढंच लोकांना ठाऊक होतं. त्या अक्षरांतून कोणाचं भलं झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यात हे कौतुक, आणि तेही लिहिलेलं. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं, हे तिला माझ्या वहीवरून चांगलं समजलं होतं.

"रामहरीभाऊ, कशाचं कौतुक हाय त्येवडं सांगा," ती म्हणाली.

मी कार्ड उजेडात धरलं. माझं इंग्रजी म्हणजे हजर, गैरहजर, उशीर आणि दंड. ‘गर्ल’ कळलं. त्याच्या आधीचा शब्द एक-एक अक्षर लावून वाचला, व्हिव्हेशस. जन्मात ऐकला नव्हता. माहीत नाही म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? पण व्हरांड्यात चार माणसं उभी होती आणि सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. मडम एखाद्या पोरीला आणखी काय म्हणणार, असा विचार करून मी सांगून टाकलं, सुंदर. सुंदर मुलगी असं लिहिलंय. बजाबाईचा चेहरा उतरला, पण तिला कामही मिळालं. त्या संध्याकाळी तिनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या.

चौथ्या दिवशी धोंडीला ताप भरला.

आधी वाटलं, उन्हाचं असेल. सोलापूरचं ऊन फाल्गुनातच अंगावर येतं. पण ताप उतरेना. धर्मादाय दवाखान्यातले डॉक्टर येऊन जीभ बघून, पोट दाबून गेले. मुदतीचा ताप, म्हणाले, एकवीस दिवस काढायचे, पातळ पेजेशिवाय काही द्यायचं नाही, औषध असं काही नाही. बजाबाईनं ते ऐकलं, पण तिचा हिशेब वेगळाच होता. लिहिलेल्या शब्दाची दृष्ट लागली आहे आणि ती उतरवणं आपल्याला जमत नाही, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. ती रोज दोनदा मीठ-मिरच्या उतरवायची. मिरच्यांचा ठसका उठला की म्हणायची, बघा, दृष्टच हाय. नाही उठला की म्हणायची, एवढी मोठी हाय की ठसकाबी उठंना.

मी कामावर जाताना त्या दाराकडं बघायचं टाळू लागलो. ती मिलमध्ये येत नव्हती, मी तिच्या नावापुढं रजा मांडत होतो, आणि प्रत्येक वेळी त्या रेघेला हात अडायचा. पोर बरळायला लागली होती. मधूनच भोंग्याचा आवाज काढायची, मधूनच हसायची, आणि ते हसणं तिचं नेहमीचं नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे ती हाका मारायची. "आई, आई." बजाबाई उशाशीच बसलेली असायची, कपाळावरची पट्टी बदलत. ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. माझी बायको हातातलं टाकून धावत जायची, ओ द्यायची, हात धरायची. पोरीचे डोळे मिटलेले, तिला कोणाचा हात आहे तेही कळत नव्हतं. दिवसातून वीस वेळा हे चालायचं. अंबुबाईला यायला जरा उशीर झाला तर पोर हाक मारत राहायची आणि बजाबाई त्या हाका नुसत्या ऐकत बसायची. एकदा मी दारातून पाहिलं, तिनं स्वतःच्या तोंडात पदराचा बोळा घातला होता.

तापाच्या तेराव्या दिवशी ती पुन्हा माझ्याकडं आली. कार्ड पुढं केलं.

"भाऊ, तोंडावरनं उतरवून दमले. तुमी नीट वाचलं न्हवं?"

मी होय म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं बोललो, आणि या वेळी व्हरांड्यात कोणी नव्हतं. ती गेल्यावर अंबुबाईनं माझ्याकडं पाहिलं. मला ते बघणं सहन झालं नाही. मी तिला खरं सांगितलं. ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "पोरगी माजीबी हाय, ह्ये तुमी इसरला का?"

दुसऱ्या दिवशी मिलला खाडा केला आणि बजाबाईला सगळं सांगितलं. ती मला काय बोलेल याची मी तयारी केली होती, पण ती चप्पल न घालताच निघाली. बाळीवेशीत शिवयोगी मास्तर म्हणून एक निवृत्त मास्तर राहायचे. मूळचे अक्कलकोटचे, घरात कानडी, शाळेत मराठी, आणि इंग्रजीचा नाद जन्मभराचा. चार बोटं जाडीचा कोश त्यांच्या घरी आहे हे मी ऐकून होतो. वाटेत बजाबाई एकदाच बोलली. म्हणाली, तेरा दिवस मी भलतंच उतरवत बसले व्हय? मी मान खाली घालून चालत राहिलो.

मास्तरांनी आम्हांला बसवलं, कार्ड वाचलं, भिंग घेतलं आणि कोश मांडीवर उघडला. पानं उलटायला त्यांना फार वेळ लागला असं मला वाटलं. बजाबाई उंबऱ्यापाशी उकिडवी बसली होती.

"मास्तर, केसाचं कौतुक हाय का डोळ्याचं?" तिनं विचारलं.

"केसांचं नाही, बाई. डोळ्यांचंही नाही." मास्तरांनी ओळीवर बोट ठेवलं. "ज्या माणसाच्या अंगात जीव नुसता सळसळत असतो, बोलण्यात, हसण्यात, चालण्यात, त्याला हा शब्द लावतात. तुमची पोर चैतन्याची आहे, असं लिहिलंय बाईंनी."

मला वाटलं, बरं झालं, चांगला अर्थ निघाला. बजाबाईकडं पाहिलं तर तिच्या तोंडावर रक्त नव्हतं.

"म्हंजी जिवाचं कौतुक केलंय," ती म्हणाली. "मास्तर, जिवावरनं काय उतरवायचं?"

मास्तरांना आधी प्रश्नच कळला नाही, मी हलक्या आवाजात समजावून दिला. केसांना मिरच्या आहेत, पायांना माती आहे, जिवाला काय आहे? त्या दुपारी त्या खोलीत मला खरोखर भीती वाटली. दृष्टीबिष्टीवर माझा विश्वास नाही असं मी मिलमध्ये सांगत फिरायचो, पण बजाबाईच्या भीतीपुढं माझा अविश्वास टिकला नाही.

मास्तर हाडाचे मास्तर. धडा अर्धा सोडायची त्यांना सवय नव्हती. ते पुढं वाचू लागले, बहुधा काही सुचत नव्हतं म्हणूनच. म्हणाले, हा शब्द मूळचा इंग्रजीचा नाही. लॅटिनमधून आलाय, म्हणजे आपल्याकडं संस्कृत तशी तिकडची जुनी भाषा. त्याच्या मुळाशी जगणे हा धातू आहे, आणि पंडित लोक सांगतात की आपला जीव हा शब्द आणि तो धातू एकाच कुळातले, फार मागं एका घरातून निघालेले. मग त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं आणि थांबले.

"इथं जुना अर्थ दिलाय, बाई. आता चालत नाही तो, पण पहिला अर्थ तोच. जो लवकर मरत नाही तो. चिवट आयुष्याचा."

बजाबाई उठून कोशापाशी आली. तिला अक्षर येत नव्हतं, तरी तिनं त्या ओळीकडं निरखून पाहिलं.

"आमच्या जेऊरला शेताच्या बांधावर बोरी हायत्या," ती म्हणाली. "तोडा, जाळा, पुना फुटत्यात. तसं?"

"तसंच."

"मंग बाईनं दृष्ट लावली न्हाय. सांगून गेली."

मास्तरांनी चष्मा काढला. खोटं बोलून सुटका करून घेणं त्यांना सोपं होतं, मी दोनदा तेच केलं होतं. पण ते म्हणाले, "त्या बाईंच्या मनात हा जुना अर्थ असेल असं मी म्हणणार नाही. हसरी, चपळ पोर, एवढंच त्यांना म्हणायचं असेल."

"पर शब्दात हाय न्हवं?"

"शब्दात आहे."

तिनं मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माझी वाट न बघता चालू लागली. मला तिच्या मागं जवळजवळ पळावं लागलं.

चाळीत आल्यावर ती आधी पोरीकडं गेलीच नाही. माळ्यावर चढून तिनं तोंड बांधलेलं एक गाडगं खाली काढलं आणि ते घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आत कोंडा होता, दहा वर्षांपूर्वी अंबुबाईनं दिलेला. तो तिनं गुरांना घातला नव्हता, टाकलाही नव्हता.

"अंबुबाई, माजी पोर मला परत दे," ती म्हणाली.

माझी बायको चुलीपुढून उठली. तिनं गाडग्यात पाहिलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. म्हणाली, अजून दोन वर्षं राहिली आहेत, मुदत मोडू नकोस, पोर तापात आहे. मी मास्तरांनी काय सांगितलं ते मध्येच बोलू लागलो तर तिनं मला हातानं थांबवलं.

"बुकात जगनं लिवलंय, व्हय," अंबुबाई म्हणाली. "आन् न्हाई जगली तर?"

"तर माजी म्हनून जाऊ दे." बजाबाईचा आवाज चढला नव्हता. "तीन गेली, तिगंबी मला आई म्हनत गेली. हिला मी दहा वर्सात एकदाबी ओ दिली न्हाय."

अंबुबाईनं खुंटीवरचं सूप काढून जमिनीवर ठेवलं. बजाबाईनं गाडगं पालथं केलं. किड्यांनी अर्धाअधिक खाल्लेला, काळा पडलेला कोंडा सुपाच्या एका कोपऱ्यात मूठ-दोन मुठी पडला. रीत म्हणजे रीत, दिला तेवढा परत आला पाहिजे. बजाबाई सुपाकडं बघत उभी राहिली. अंबुबाईनं तळव्यानं तो कोंडा सगळ्या सुपात पसरला, कडेपासून कडेपर्यंत, आणि म्हणाली, "भरलं सूप. घेऊन जा तुजी पोर."

त्याच वेळी पलीकडून हाक आली, "आई." अंबुबाईचा पाय दाराकडं उचलला आणि तिथंच थांबला. बजाबाई धावली. भिंतीपलीकडून तिची ओ ऐकू आली, फार मोठी, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी.

मला वाटलं होतं, आता ताप उतरेल. तसं काही झालं नाही. उलट पुढचे तीन दिवस सगळ्यात वाईट गेले. पोर हाका मारायचीही थांबली, ज्ञानबाला होटगीहून बोलावून घेतलं, आणि दोन वर्षं आधी मुदत मोडली म्हणून चाळीतल्या बायका दबक्या आवाजात बजाबाईला बोल लावू लागल्या. माझ्या मनातही तेच यायचं. बजाबाईनं मात्र मीठ-मिरच्या बंद केल्या होत्या. कार्ड तिनं पोरीच्या उशाखाली ठेवलं होतं आणि ती तिला नुसती ‘माजी बाय’, ‘माजी बाय’ म्हणत थोपटत होती. दहा वर्षांचं साठलेलं ती तीन दिवसांत बोलून घेत होती.

एकविसाव्या दिवशी दुपारी पोरीला घाम फुटला. कपाळ गार लागलं म्हणून ज्ञानबा आधी घाबरला, मग छातीवर कान ठेवून रडायला लागला. डॉक्टर म्हणाले, मुदत संपली, ताप गेला, आता खाण्यापिण्याला जपा. केस सगळे गळले, पाय काड्यांसारखे झाले, कठड्यावर चालायला पुढं पावसाळा संपावा लागला. पण पोर राहिली.

ताप गेल्यावर दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी कामावरून येऊन बसलो होतो, अंबुबाईनं चुलीवर पेज ठेवली होती. पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "आई, भूक लागलीय." अंबुबाई वाटी घेऊन अर्धी उठली. भिंतीपलीकडून बजाबाईनं ओ दिली. अंबुबाई परत खाली बसली, वाटी पालथी घातली आणि लाकडं उगाच मागंपुढं करत राहिली.

थोड्या वेळानं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पेजंत मीठ कमी लागतं तिला. त्येवडं बजाबाईला सांगून या."

बजाबाईला ते दहा वर्षं ठाऊक होतं. तरी मी उठलो आणि सांगून आलो.